मोजणी क्रमांक चौदा

पंकजा गर्जेला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं ते एका शोधनिबंधामुळं. २०१९ चा ऑगस्ट होता. भिंगारच्या आमच्या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवायची. मी आदिनाथ, तिथला ग्रंथपाल. वर्षभरात आमचं बोलणं पुस्तक देण्याघेण्यापलीकडं गेलं नव्हतं. त्या दिवशी तिनं एका परदेशी नियतकालिकाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं आणि त्यातल्या एका निबंधाची प्रिंट मागितली. मी काढून दिली. तिनं ती टेबलापाशी उभ्यानंच वाचली.

वर लेखकांची नावं होती. आधी डॉ. रविराज देवकर, मग निकिता वाबळे. अगदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात एक ओळ होती. स्फटिक वाढवण्यातील तांत्रिक मदतीबद्दल पी. गर्जे यांचे आभार. त्या ओळीवर तिनं अंगठ्याचं नख असं दाबलं की कागदावर वळ उठला. मग पानं उलटी चाळत ती एका आकृतीपाशी थांबली, ती दोनदा बघितली, आणि हसली.

"काय झालं, मॅडम?"

"सर, ह्यांनी डावा लिहिलाय. त्यो उजवा हाय."

शिकवताना ती स्वच्छ पुस्तकी बोलायची. राग आला की पाथर्डीकडची बोली वर यायची, हे मला त्या दिवशी कळलं. बाकीचं सगळं तिनं मला पुढच्या काही महिन्यांत तुकड्यातुकड्यानं सांगितलं. काही मी स्वतः पाहिलं.

तिचे आईवडील ऊसतोड कामगार. दसरा झाला की पाथर्डी तालुक्यातलं गाव सोडायचं आणि राहुरीकडं उतरायचं, देवळाली प्रवराच्या आसपास. उन्हाळा लागला की परत. तिची आई झुंबरबाई आणि वडील हनुमंत यांच्या टोळीनं तिथं पंधरा वर्षं ऊस तोडला. पंकजा वसतिगृहात राहून शिकली. नगरला एम.एस्सी. झाली आणि तिथल्याच एका संशोधन केंद्रात डॉ. देवकरांच्या हाताखाली पीएच.डी.ला लागली. देवकर मूळचे देवळाली प्रवराचे. त्यांचे वडील आप्पासाहेब देवकर मोठे बागायतदार, आणि झुंबरबाईच्या कोयत्याखाली गेलेला बराचसा ऊस ह्याच आप्पासाहेबांच्या फडातला. पंकजाला हे माहीत होतं. तिला वाटलं होतं, सरांना बरंच वाटेल.

तिचं काम होतं स्फटिक वाढवण्याचं. लोखंड असलेलं एक संयुग भट्टीत वितळवायचं आणि तासाला अर्धा अंश अशा गतीनं थंड करायचं. वीज गेली की महिन्याचं काम वाया. सव्वीस खेपा फुकट गेल्या. सत्ताविसाव्या खेपेला मसुराच्या डाळीएवढे काळे, आरशासारख्या अंगाचे सहा खडे निघाले. एकाच बीजावर वाढलेले.

त्या खड्यांत काय आहे, ते मला समजावताना तिनं माझ्या टेबलावरची पुस्तकांचे गठ्ठे बांधायची सुतळी उचलली.

"ह्या खड्यात लोखंडाचे अणू ओळीनं बसलेत. प्रत्येक अणू म्हणजे एक बारीक होकायंत्राची सुई समजा. पहिली सुई इकडं, पुढची थोडी वळलेली, त्याच्यापुढची अजून थोडी. असा पीळ पडत जातो, सुतळीसारखा. आता सांगा, ही सुतळी उजव्या पिळाची का डाव्या?"

मी सांगितलं.

"उलटी धरा."

धरली. पीळ तोच होता.

"बघा. कशीही फिरवा, उजवा तो उजवाच. तो ओळखायचा कसा, हे अवघड. साधा एक्स-रे अणू कुठं बसलेत तेवढं दाखवतो, सुयांचा पीळ दाखवत नाही. त्यासाठी किरणाची ऊर्जा लोखंडाला नेमकी लागू पडेल इतकी जुळवायची आणि मग किरणालाच पीळ द्यायचा. आधी डावा, मग उजवा. खड्यावर आपटून किरण विखुरतात. एका पिळाला जास्त विखुरतात, दुसऱ्याला कमी. त्या फरकावरून आतला पीळ कळतो."

असे पीळ दिलेले किरण मिळवायला जर्मनीला जावं लागलं. तिथल्या एका मोठ्या यंत्रावर सहा दिवस मिळाले होते. ऑक्टोबर २०१७. देवकर आणि पंकजा, दोघंच गेले. पहिल्या दिवशी सकाळी देवकर गावात फिरायला गेले. तिथल्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं पंकजाला यंत्र दाखवलं आणि सांगितलं, की किरणाला पीळ देणारी हिऱ्याची चकती दुरुस्तीनंतर उलट्या बाजूनं बसवली आहे, तेव्हा पडद्यावर 'डावा' दिसेल तेव्हा खरा किरण उजवा समजायचा. विश्वास नको, तपासून घे, असंही तो म्हणाला, आणि त्यानं तिला गारगोटीचा एक तुकडा दिला. गारगोटीच्या आतही पीळ असतो आणि त्या तुकड्याचा पीळ आधीपासून माहीत होता. पंकजानं तो मोजला. म्हाताऱ्याचं खरं निघालं. यंत्राच्या यादीत त्या मोजणीला चौदावा क्रमांक पडला. पुढं फक्त 'गारगोटी' एवढाच शब्द. बाकीचा खुलासा पंकजानं तिच्या खिशातल्या वहीत मराठीत लिहिला. पुढचे पाच दिवस तिनं खडे मोजले. देवकर दुपारी यायचे, फोटो काढायचे, जायचे.

परतल्यावर आकडेमोड सुरू करणार, तेवढ्यात जानेवारीत झुंबरबाई पडली. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय घसरला आणि कंबरेचं हाड मोडलं. पंकजा चार महिने आईपाशी राहिली. रजेचा अर्ज तिनं दिला होता. मे महिन्यात ती केंद्रावर गेली, तर तिच्या टेबलावर निकिता बसलेली. निकिता तिच्याहून चार वर्षांनी लहान, नुकतीच आलेली. तिला काही माहीत नव्हतं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, सरांनी मला इथं बसायला सांगितलंय."

पंकजा देवकरांच्या खोलीत गेली. तिचं नाव गैरहजेरीमुळं कमी झालं होतं. तिनं विचारलं, "आणि मोजलेलं सगळं? खडे?"

"ते केंद्राचं आहे. निकिता लिहून काढेल."

"सर, खडे मी वाढवले. मोजणी मी केली. निबंधावर माझं नाव पाहिजे."

देवकर रागावले नाहीत. ते समजावल्यासारखं बोलले, आणि तेच तिला सहन झालं नाही. ते म्हणाले, "पंकजा, तू भट्टी लावलीस, बटणं दाबलीस. ते मजुरीचं काम आहे, आणि ते तू चांगलं केलंस. तुझ्या आईनं आमच्या फडात पंधरा वर्षं ऊस तोडला. म्हणून काय साखरेच्या पोत्यावर तिचं नाव छापायचं?"

पंकजा खोलीबाहेर आली. आपली वही घेतली आणि निघाली. सहापैकी एक खडा तिनं जर्मनीला जाण्याआधी कापला होता. त्याचा अर्धा भाग तिकडं मोजला गेला, दुसरा अर्धा कापसात गुंडाळून एका औषधाच्या डबीत तिच्या कपाटात होता. तोही तिनं घेतला. तो केंद्राचा होता की तिचा, यावर वाद घालता येईल. मी तिला एकदा तसं म्हणालो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी परत विषय काढला नाही.

तर त्या ऑगस्टमध्ये मी म्हणालो, "मॅडम, चूक आहे तर नियतकालिकाला कळवा."

"आत्ता? न्हाई."

"का?"

"सर, ऊस कवळा असताना कुणी तोडतं का? साखर भरू द्या की."

तिनं सांगितल्याप्रमाणं केलं. ती थांबली. देवकरांचा निबंध गाजला. असल्या चुंबकी पदार्थात माहिती साठवता येईल म्हणून जगभर लोक त्याच्या मागं होते आणि पीळ कुठल्या हाताचा हे देवकरांनी 'प्रथम' सांगितलं होतं. त्यावर त्यांनी आणखी तीन निबंध रचले. केंद्राचे प्रमुख झाले. दिल्लीच्या कुठल्याशा संस्थेचं पदक मिळालं. वर्तमानपत्रात बातमी आली की पंकजा ती कापून आणायची आणि माझ्याकडून डिंक मागून घ्यायची. एका जाड रजिस्टरमध्ये ती कात्रणं चिकटवायची, तारखेनिशी. आनंद झाल्यासारखी चिकटवायची. मला कधीकधी भीती वाटायची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. हा सुंभ तर जळलाही नव्हता.

मात्र ती नुसती कात्रणं चिकटवत बसली नव्हती. दुसऱ्या विद्यापीठात नव्यानं नाव नोंदवून ती पुन्हा पीएच.डी. करत होती. जर्मनीतल्या त्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला तिनं पत्र लिहिलं. त्याला ती आठवत होती. करोनानंतर तिकडं खडा पाठवून इथून मोजणी बघायची सोय झाली होती. २०२३ च्या मार्चमध्ये डबीतला अर्धा खडा जर्मनीला गेला आणि मोजणी झाली तेव्हा पंकजा माझ्या ग्रंथालयातल्या संगणकावर बसली होती. इंटरनेट तिथंच बरं चालतं. दुपारचे अडीच वाजले होते. आधी गारगोटी. मग खडा. पडद्यावर डाव्या किरणाची लाल आणि उजव्याची निळी अशा दोन रेघा चढत गेल्या. निळी वर, लाल खाली.

"उजवा," ती म्हणाली. मग हात जोडून कपाळाला लावले. देवाला की कुणाला, कोण जाणे.

मी म्हणालो, "आता तरी कळवा."

तिनं नियतकालिकाला पत्र लिहून तयार ठेवलं, पण पाठवलं नाही. त्याऐवजी ती प्राचार्यांकडं गेली आणि सुचवलं, की येत्या विज्ञान दिनाला डॉ. रविराज देवकर यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवावं. जिल्ह्याचं नाव मोठं करणारा माणूस. प्राचार्य खूश. निमंत्रण तिनंच लिहिलं. खाली प्राचार्यांची सही होती, तेव्हा देवकरांना तिचं नाव दिसलं नाही. आभारप्रदर्शनही तिनं स्वतःकडं घेतलं.

२८ फेब्रुवारी २०२४. सभागृह भरलं होतं. देवळाली प्रवराहून देवकरांचे भाऊबंद दोन गाड्या करून आले होते. तिसऱ्या रांगेत केंद्रातली माणसं होती, त्यांत निकिता. ती आता तिथंच हंगामी नोकरीवर होती आणि महिन्याभरात कायम व्हायची होती. व्यासपीठावर पंकजाला बघून देवकर क्षणभर थबकले, मग ओळखीचं हसले. "अरे, आमची जुनी विद्यार्थिनी," असं त्यांनी प्राचार्यांना सांगितलंसुद्धा.

भाषण चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. शेवटी त्यांनी ती आकृती दाखवली आणि म्हणाले, "ह्या पदार्थातला पीळ डावा आहे, हे जगाला आपल्या नगर जिल्ह्यानं सांगितलं." टाळ्या पडल्या. पंकजा माईकपाशी आली. हातात एक छोटं कार्ड होतं.

"आभार मानण्याआधी एक शंका विचारते. सर, जर्मनीतली मोजणी क्रमांक चौदा कशाची होती?"

देवकर हसले. "चौदा? इतक्या वर्षांनी कसं आठवेल?"

"यादी तुमच्या लॅपटॉपवर असेल. बघता का?"

त्यांनी बघितलं. सगळ्यांसमोर पडद्यावरच यादी उघडली गेली. "गारगोटी. काहीतरी चाचणी असेल."

"ती उजव्या पिळाची गारगोटी होती. यंत्रानं ती डावी दाखवली. म्हणजे यंत्राची खूण उलटी होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या सकाळी तुम्ही गावात फिरायला गेला होता. पुढची एकूण एक मोजणी उलटी वाचायला हवी होती. तुम्ही सरळ वाचलीत."

मग तिनं तिची आकृती लावली. देवकरांची आणि तिची शेजारीशेजारी. तोच खडा, त्याचा दुसरा अर्धा. एकीकडं लाल रेघ वर, दुसरीकडं निळी. विज्ञान न कळणाऱ्या माणसालाही ते कळलं. देवकरांनी पाण्याचा ग्लास उचलला, प्याले, ठेवला, परत उचलला. तो रिकामा होता.

मग ते म्हणाले, "आकडेमोड मी केली नव्हती. निकितानं केली होती. तिच्याकडून राहून गेलं असेल."

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडं वळल्या. निकिता जागेवर गोठून बसली होती. तिनं पंकजाकडं बघितलं. पंकजानंही तिच्याकडं बघितलं, मी ते स्पष्ट पाहिलं. त्या वेळी ती एक वाक्य बोलली असती तरी पुरलं असतं. तिच्याकडं वही होती. निकिताला ही गोष्ट कळायला दुसरा मार्ग नव्हता, हे पंकजाला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. पंकजानं नजर खाली घेतली आणि हातातल्या कार्डावरचं वाचलं. "व्याख्यानातील तांत्रिक मदतीबद्दल डॉ. रविराज देवकर यांचे आभार."

मागच्या बाकांवर कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच हसले.

पुढं जे व्हायचं ते झालं. तिनं त्याच दुपारी नियतकालिकाला पत्र पाठवलं. सात महिन्यांनी देवकरांचा निबंध मागं घेतला गेला, त्याच्या पाठोपाठ बाकीचे तीन. पदक तेवढं राहिलं. केंद्राचं प्रमुखपद गेलं. पोरं त्यांना पाठीमागं 'उलटे सर' म्हणायला लागली आणि ते नाव देवळाली प्रवराच्या पारापर्यंत पोचलं. मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते आता गावी असतात. लग्नकार्यातही फारसे दिसत नाहीत म्हणे.

पण त्याआधी, मार्चमध्येच, निकिता आमच्या ग्रंथालयात आली होती. पंकजा वह्या तपासत बसली होती.

"ताई, एकच विचारायचंय. तुम्हाला चूक कधी कळली?"

"ज्या दिवशी निबंध छापून आला त्या दिवशी."

"साडेचार वर्षं माहीत होतं? माझं पीएच.डी. त्याच्यावर झालं. कायम करायची फाइल परवा परत आली. मी सरांना चौदा नंबरचं विचारलं होतं. ते म्हणाले, सोडून दे. तुम्हाला मला एक फोन करता आला नाही?"

"माझ्या टेबलावर बसलीस तेव्हा तू केला होतास?" पंकजा म्हणाली.

निकिता दाराकडं वळली. "मला तेव्हा तुमचा नंबरही माहीत नव्हता," एवढं म्हणून गेली.

पंकजानं उरलेल्या वह्या तपासल्या. संध्याकाळी जाताना मला म्हणाली, "सर, त्या माणसाचं मला काहीच वाटत न्हाई. आनि वाटनारबी न्हाई." मग दाराशी थांबली. "तिचं वाटतंय."

तिनं नियतकालिकाला दुसरं पत्र लिहिलं. गारगोटीचा खुलासा फक्त तिच्या खाजगी वहीत होता, कनिष्ठ लेखिकेनं शंका विचारूनही ती दाबली गेली, आणि हे सगळं ठाऊक असून आपण साडेचार वर्षं गप्प राहिलो, असं त्यात होतं. शेवटच्या वाक्यामुळं संपादकांनी तिलाही कडक शब्दांत सुनावलं. ते छापूनही आलं. तिच्या नव्या गाइडनं दोन महिने तिच्याशी धड बोलणं सोडलं. खऱ्या निकालाचा निबंध लिहिताना तिनं निकिताचं नाव आपल्या बरोबरीनं घालायचं ठरवलं आणि विचारायला कोपरगावला गेली. निकिता तिथं खाजगी क्लासमध्ये बारावीला शिकवते. चहा पाजला, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको ताई. तुमच्या शेजारी नको." निबंध पंकजाच्या आणि त्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाच्या नावानं आला. पंकजाला डॉक्टरेट मिळाली.

मागच्या दिवाळीत तिनं मला गावी जेवायला बोलावलं होतं. झुंबरबाई आता काठी धरून चालते. कोयता सुटला. ओट्यावर बसल्याबसल्या तिनं लेकीला विचारलं, "अगं, त्या आप्पासायबाच्या पोराचं काय झालं म्हनलीस? ह्या सरांम्होरं सांग."

"सरांना माहीत हाय, आई. सर तिथंच हुते."

"मग मला सांग. आदीपास्नं सांग."

पंकजा सांगायला लागली. गारगोटी, चौदावी मोजणी, दोन रेघा. म्हातारी मान डोलवत होती. विज्ञानातलं तिला किती कळत होतं देव जाणे, पण कुठं हुंकार द्यायचा ते पक्कं ठाऊक होतं. पोत्यावरच्या नावाचं वाक्य तिला लेकीनं कधीतरी सांगितलेलं असणार, कारण देवकर पाणी प्यायले तिथं तिनं काठी आपटली.

"रिकामाच पेला त्वांडाला लावला?"

"व्हय."

"पुना सांग ते."

पंकजानं पुन्हा सांगितलं. रिकामा पेला, मागच्या बाकावरचं हसू, आभाराचं कार्ड. मी नीट ऐकत होतो. दोन्ही वेळा तिनं पेल्यावरून थेट कार्डावर उडी मारली. तिसऱ्या रांगेबद्दल ती काही बोलली नाही. मीही तिथं तिला अडवलं नाही. झुंबरबाईनं पदरानं डोळे पुसले आणि हसत म्हणाली, "लई बेस केलंस." मग तिनं आम्हाला आत जेवायला उठवलं.